एक डोळा जाळायचा, एक तसाच ठेवायचा

चार्ल्स बॅबेज म्हटलं की आपल्या धंद्यातल्या माणसाला एकच गोष्ट आठवते. डिफरन्स इंजिन, अ‍ॅनालिटिकल इंजिन, कॉम्प्युटरचा आजोबा वगैरे वगैरे. इंजिनियरिंगच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात त्याचा फोटो असतो आणि परीक्षेत दोन मार्कांची टीप. पण याच बाबाने १८४७ च्या सुमाराला आणखी एक वस्तू बनवली होती, आणि ती त्या अवाढव्य यंत्रांसारखी अर्धवटही राहिली नव्हती. एक छोटी नळी, तिच्यात तिरका बसवलेला आरशाचा तुकडा, आणि त्या आरशाचा पारा मधे दोन-तीन ठिकाणी खरवडून काढलेला. कशासाठी? तर जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत डोकावून बघण्यासाठी!

बॅबेजने ती वस्तू व्हार्टन जोन्स नावाच्या लंडनच्या डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवली. त्याने ती घेतली, बघितली आणि बाजूला ठेवून दिली. पुढे १८५४ साली, म्हणजे दुसऱ्याच माणसाचा त्यावरून जगभर बोलबाला झाल्यावर, याच जोन्ससाहेबांनी लिहून टाकलं की हो, बॅबेजने मला सात वर्षांपूर्वी असलं काहीतरी दाखवलं होतं खरं.

आजचा लेख या 'डोळ्यात डोकावण्या'बद्दल आहे. म्हणजे मधुमेहाने डोळे कसे जातात, हे माणसाला कसं कळत गेलं त्याबद्दल. मी डॉक्टर नाही, साधा कोड लिहिणारा माणूस आहे. पण गेले दोन-तीन महिने या विषयाने मला पछाडलंय. कारण हा सगळा इतिहास एखाद्या हट्टी बगसारखा आहे. आधी बग दिसतो पण तो बग आहे हे कोणी मानत नाही. मग मानतात, पण कारण सापडत नाही. मग कारण कळायच्या आधीच उपाय सापडतो. आणि उपाय सापडून पन्नास वर्षं झाली तरी तो युजरपर्यंत पोचत नाही!

काळी बाहुली

आधी एक साधा प्रश्न. डोळ्याची बाहुली काळी का दिसते? आत अंधार असतो म्हणून? नाही. आत प्रकाश जातो, मागच्या पडद्यावर पडतो आणि ज्या वाटेने गेला त्याच वाटेने थोडाफार परतही येतो. तो बघायचा तर आपला डोळा बरोबर दिव्याच्या जागी हवा. पण तिथे डोकं नेलं की दिवाच झाकला जातो. झालं, पुन्हा अंधार.

या कोड्याचं चालणारं उत्तर काढलं हर्मान हेल्महोल्ट्झने. हा माणूस क्योनिग्सबर्गला प्राध्यापक होता आणि त्याला विद्यार्थ्यांना वर्गात दाखवायला काहीतरी प्रयोग हवा होता. १८५० साली त्याने काचेच्या पातळ पट्ट्या तिरक्या धरून दिव्याचा प्रकाश बाजूने आत सोडला आणि स्वतः त्या काचेतून आरपार बघितलं, मधे एक अंतर्गोल भिंग धरून. १८५१ साली त्यावर पुस्तिका काढली. त्याने आयुष्यात त्याहून कितीतरी मोठी कामं केली, पण डॉक्टर लोक त्याला ओळखतात ते याच उपकरणासाठी, ऑफ्थॅल्मोस्कोपसाठी.

याचं महत्त्व लक्षात घ्या. आपल्या शरीरात रक्तवाहिन्या सगळीकडे आहेत, पण कुठेही चिरफाड न करता त्या जिवंत, वाहत्या बघता येतील अशी सोयीची जागा एकच, डोळ्याचा मागचा पडदा. हेल्महोल्ट्झने माणसाच्या शरीराला एक खिडकी करून दिली. त्याआधी डोळ्याच्या आतून येणाऱ्या आंधळेपणाबद्दल डॉक्टरांना सांगता येण्यासारखं फारसं काही नव्हतं.

दिसतंय, पण मानत नाही

खिडकी उघडल्यावर पाच-सहा वर्षांतच, म्हणजे १८५५-५६ च्या सुमारास, व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर या डॉक्टरला मधुमेहाच्या रुग्णांच्या पडद्यावर पिवळट ठिपके आणि रक्ताचे डाग दिसले. त्याने ते नोंदवले आणि त्यांचा संबंध मधुमेहाशी लावला.

आता यावर टाळ्या पडायला हव्या होत्या. पडली वादाची ठिणगी! बर्लिनचा अल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे हा त्या काळचा डोळ्यांच्या विद्येतला सगळ्यात मोठा माणूस. त्याचं म्हणणं असं, की मधुमेह आणि हे डाग यांचा कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर "कोरिलेशन आहे, कॉजेशन कुठाय?" त्याचं फार चुकलं असंही म्हणता येत नाही. म्हाताऱ्या माणसाला मधुमेह असतो, त्याचबरोबर रक्तदाबाचा, मूत्रपिंडाचा, धमन्या कडक होण्याचा त्रासही असतो. डाग नेमका कोणाच्या खात्यावर लिहायचा?

ग्रेफे १८७० साली गेला. १८७२ साली लंडनच्या एडवर्ड नेटलशिपने मधुमेही माणसाच्या पडद्याला सूज येऊन त्यात पोकळ्या झाल्याचं सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. १८७६ साली जर्मनीत विल्हेल्म मान्झने या रोगाचं सगळ्यात वाईट रूप वर्णन करून ठेवलं. १८९० साली बर्लिनच्या यूलियस हिर्शबर्गने तर त्याचे प्रकार पाडून दिले. तरीही वाद मिटेना. 'हा वेगळा रोग आहे की रक्तदाबाचाच प्रताप?' हे गुऱ्हाळ विसाव्या शतकातही चालूच होतं. थेट १९४३ साली ग्लासगोच्या बॅलंटाइन आणि लोव्हेनस्टाइन यांनी केशवाहिन्यांना आलेले बारीक फुगे नीट मांडले, तेव्हा कुठे हा मधुमेहाचा स्वतःचा, वेगळा रोग आहे हे बहुतेकांना पटलं.

१८५५ ते १९४३. अठ्ठ्याऐंशी वर्षं! एवढा काळ एखादं तिकीट 'ओपन' राहिलं तर क्लायंट आपलं काय करेल?

आत नेमकं काय होतं?

इथे थांबून थोडं समजून घेऊ, म्हणजे पुढचं कळेल.

रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. या भिंतींना बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी असतात, त्या मरायला लागतात. मग भिंतीला जागोजागी फुगे येतात, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतात तसे. फुगे गळतात. पाणी आणि चरबी पडद्यात साठते. पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाची टाचणीच्या डोक्याएवढी जागा असते. आपण वाचतो, चेहरे ओळखतो, सुईत दोरा ओवतो, ते सगळं तिच्या जिवावर. गळती तिथे झाली की नजर धुरकट होते.

पण हा झाला सौम्य भाग. पुढे काही वाहिन्या चक्क बंद पडतात. त्यांच्यावर अवलंबून असलेला पडद्याचा तुकडा ऑक्सिजनसाठी तडफडतो आणि 'नवीन रक्तवाहिन्या पाठवा' असा रासायनिक संदेश सोडतो. त्या येतातही. पण कशा, तर निवडणुकीच्या आदल्या दिवशी केलेल्या रस्त्यासारख्या. नाजूक, वेड्यावाकड्या, भलत्याच ठिकाणी वाढलेल्या. एक दिवस त्यातली एखादी फुटते आणि डोळ्याच्या आतल्या जेलीत रक्त उतरतं. माणूस सकाळी उठतो तर डोळ्यासमोर काळी जाळी. नंतर तिथे चिवट तंतू तयार होतात आणि ते पडदाच ओढून सोडवतात. मान्झने १८७६ साली वर्णन केलं ते हेच.

आणि यातली सगळ्यात भयंकर गोष्ट. फुगे येताना, वाहिन्या बंद पडताना, नवीन वाढताना माणसाला काही म्हणजे काही कळत नाही. दुखत नाही, खुपत नाही, नजर छान असते. सिस्टीम शेवटच्या क्षणापर्यंत हिरवा दिवा दाखवते आणि एकदम क्रॅश होते.

इन्शुलिनचा उलटा हिशोब

११ जानेवारी १९२२ ला टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. ते पुरेसं शुद्ध नव्हतं. २३ जानेवारीला कॉलिपने शुद्ध केलेलं औषध दिलं आणि मुलगा सुधारला. बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड, कॉलिप यांची ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. त्याआधी लहान वयात मधुमेह झाला तर पोर वर्ष-दोन वर्षांत, हाडांचा सापळा होऊन जायचं.

पण विचार करा. ज्याला मधुमेह होऊन दोन वर्षांत मरायचंय त्याला डोळ्याचा त्रास व्हायला वेळच कुठे मिळतो? इन्शुलिनने लाखो लोकांना वीस-तीस वर्षं जास्त दिली, आणि त्या मिळालेल्या वर्षांत हा रोग उगवला. १९४०-५० च्या दशकात डॉक्टरांसमोर तिशीतले, पस्तिशीतले रुग्ण येऊन बसू लागले. लहानपणी इन्शुलिनने वाचलेले, आता आंधळे होत चाललेले. आणि डॉक्टरांच्या हातात त्यांच्यासाठी काहीही नव्हतं.

काहीही नाही म्हणजे लोक किती टोकाला जातात ते बघा. १९५३ साली डेन्मार्कच्या याकोब पोल्सेनने एका बाईची हकिगत छापली. तिला मधुमेह होता, पडदा बिघडलेला होता. बाळंतपणात तिची मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी निकामी झाली, आणि त्यानंतर पडदा चक्क सुधारला. अर्जेंटिनाच्या बर्नार्डो हुसे यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत ही ग्रंथी काढली की मधुमेह सौम्य होतो हे आधी दाखवलंच होतं, त्यांना १९४७ साली नोबेलही मिळालं होतं. मग काय! पन्नास-साठच्या दशकात युरोप-अमेरिकेत मधुमेह्यांची नजर वाचवण्यासाठी त्यांची पिट्युटरी काढून टाकायला किंवा किरणोत्सर्गाने मारून टाकायला सुरुवात झाली. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात तिच्यात किरणोत्सर्गी यिट्रियम बसवत.

काहींचे डोळे सुधारले. पण ही ग्रंथी म्हणजे शरीराच्या सगळ्या हार्मोन्सचं कंट्रोल रूम. ती गेली की आयुष्यभर बाहेरून हार्मोन्स घ्यायची, साखर कधी धाडकन खाली जाईल सांगता येत नाही, आणि काही जण तर या उपचारानेच दगावले. डोळ्यासाठी माणूस एवढी किंमत द्यायला तयार होता. यावरून आंधळेपणाची भीती काय असते त्याचा अंदाज यावा.

ग्रहण आणि लोडशेडिंग

खरा उपाय मात्र भलत्याच दिशेने आला. जुलै १९४५ मध्ये युरोपात सूर्यग्रहण दिसलं. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या हॅम्बर्गमध्ये डोळ्यांचा एक तरुण डॉक्टर होता, गेर्ड मायर-श्विकराट. त्याच्याकडे एक वैद्यकीय विद्यार्थी आला. या पठ्ठ्याने ग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघितलं होतं आणि मॅक्युला भाजून घेतला होता. दुसऱ्या कोणी 'अरेरे' म्हणून सोडून दिलं असतं. याच्या डोक्यात आलं, की प्रकाशाने पडद्यावर इतका नेमका डाग पडतो, तर तो मुद्दाम, हवा तिथे पाडता येईल की! त्याने हॉस्पिटलच्या गच्चीवर आरसे-भिंगं लावून सूर्यकिरणं रुग्णाच्या डोळ्यात सोडण्याचं यंत्र उभं केलं. फाटलेल्या पडद्याच्या कडा त्याने असं भाजून चिकटवल्या. ढग आले की ऑपरेशन रद्द! पुढे पन्नासच्या दशकात झाइस कंपनीबरोबर त्याने झेनॉन दिव्याचं यंत्र केलं आणि सूर्याची गरज संपली. १६ मे १९६० ला थिओडोर मायमनने पहिला लेसर पेटवला आणि काही वर्षांतच तो डोळ्यात पोचलाही.

आता बोस्टन. जॉस्लिन क्लिनिक हे मधुमेहाचं जुनं ठिकाण. तिथे विल्यम बीथम आणि त्यांचे जावई लॉइड आयेलो हे डोळे तपासायचे. हजारो डोळे बघून त्यांच्या एक विचित्र गोष्ट लक्षात आली. ज्या डोळ्याच्या पडद्यावर आधीच कुठल्या तरी जुन्या दुखण्याचे व्रण आहेत, तो डोळा मधुमेहातून बचावतो! एकाच माणसाचा व्रण असलेला डोळा ठीक, आणि धडधाकट असलेला मात्र बिघडतो. मग त्यांनी विचार केला की आपणच व्रण पाडले तर? १९६७ च्या सुमाराला त्यांनी माणिक लेसरने पडद्याच्या कडेकडेच्या भागात शेकडो डाग पाडायला सुरुवात केली.

हे ऐकायला अघोरी वाटतं, पण तर्क कळला की पटतं. मी शाळेत होतो तेव्हा, २००६-०७ च्या आसपास, आमच्या गावाकडे दिवसाचे आठ-आठ तास लोडशेडिंग असायचं. मुंबई मात्र झगझगीत. आपला अंधार होता तेव्हा मुंबईचा दिवा चालू होता, यावरून आमच्याकडे कितीतरी भांडणं झालीत. लेसर म्हणजे पडद्याचं कायमचं लोडशेडिंग. पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी ऑक्सिजन खाण्यात शरीरात सगळ्यात अधाशी. कडेच्या हजार-दीड हजार जागा जाळून टाकल्या की मागणी घटते, 'वाहिन्या पाठवा'ची आरडाओरड थांबते, आणि मधली मुंबई, म्हणजे मॅक्युला, वाचते. बदल्यात बाजूचं थोडं कमी दिसतं, रात्रीचं कमी दिसतं. गावाकडच्यांनी किंमत मोजली, म्हणायचं.

हा तर्क मात्र आज मांडता येतो. तेव्हा 'व्रण असले की बरं' एवढंच निरीक्षण हातात होतं.

तो प्रयोग

१९६८ साली अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एअरली हाउसला या विषयातले जाणकार जमले. रोगाच्या पायऱ्या कशा मोजायच्या हे तिथे ठरलं. कारण तोवर प्रत्येक डॉक्टर आपापल्या मापाने 'सुधारणा' मोजत होता. कोणी म्हणे लेसरने फायदा होतो, कोणी म्हणे चांगला पडदा जाळताय, तोटाच होणार. पिट्युटरीचं प्रकरण ताजंच होतं. म्हणजे पुन्हा ग्रेफेचाच प्रश्न, पुरावा कुठाय?

मग डायबेटिक रेटिनोपॅथी स्टडी सुरू झाली. मॅडिसनचे मॅथ्यू डेव्हिस तिचे अध्यक्ष. १५ केंद्रं, १९७२ ते १९७५ मध्ये १७०० हून जास्त रुग्ण. सगळ्यांचा रोग वाढलेला, पण दोन्ही डोळ्यांना अजून बरं दिसतंय असे. आणि प्रयोगाची रचना अशी, की प्रत्येक माणसाचा एक डोळा चिठ्ठी टाकून निवडायचा आणि त्यावर लेसर किंवा झेनॉनने डाग पाडायचे. दुसरा डोळा तसाच ठेवायचा.

आपण ऑफिसात ए-बी टेस्टिंग करतो. निम्म्या लोकांना निळं बटण, निम्म्यांना हिरवं. इथे 'ए' आणि 'बी' एकाच माणसाच्या नाकाच्या दोन बाजूंना होते! तेच वय, तीच साखर, तोच रक्तदाब, तेच जेवण, तेच आईबाप. यापेक्षा स्वच्छ तुलना कशी करणार? फोटो मात्र वेगळीच माणसं एका ठिकाणी बसून तपासणार, म्हणजे आपल्या लाडक्या उपचाराला कोणी झुकतं माप देऊ नये.

रचनेचं कौतुक करून झालं की मग मला त्या खुर्चीत बसलेला माणूस आठवतो. त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसतंय. त्याला सांगितलंय की तुझा एक डोळा आम्ही जाळणार, त्याने फायदा होतो का नुकसान ते आम्हाला माहीत नाही. आणि दुसऱ्याला हात लावणार नाही, त्यानेही काय होतं ते नक्की सांगता येत नाही. तू सही कर. आणि सतराशेहून जास्त माणसांनी सही केली.

१९७६ साली पहिला निकाल छापून आला. दोन वर्षांत न जाळलेल्या डोळ्यांपैकी १६.३ टक्के जवळजवळ पूर्ण गेले होते. जाळलेल्यांपैकी ६.४ टक्के. निम्म्याहून कमी! उत्तर इतकं स्पष्ट होतं की आणखी वाट बघणं अन्यायाचं झालं असतं. त्याच वर्षी नियम बदलले आणि ज्यांचा 'तसाच ठेवलेला' डोळा धोक्यात होता त्यांना त्या डोळ्यावरही उपचार देऊ केले.

पण दोन वर्षांत ज्यांचा तो डोळा आधीच गेला होता, त्यांचं काय? त्यांचा गेला म्हणून बाकीच्यांचे वाचले, हे सरळ आहे. आज जगात कुठेही, मिरजेला असो की मिलवॉकीला, मधुमेहाच्या रुग्णाला डॉक्टर ठामपणे 'लेसर करून घ्या' म्हणतात, ते त्या न जाळलेल्या डोळ्यांच्या जिवावर.

पुढची पन्नास वर्षं

पुढचं जरा भरभर सांगतो. १९७० साली मायामीत रॉबर्ट माखेमरने रक्त भरलेली जेली डोळ्यातून काढून टाकायची शस्त्रक्रिया केली. तिच्या यंत्राचे पहिले प्रयोग त्याने घरच्या गॅरेजमध्ये अंड्याच्या पांढऱ्यावर केले होते. (स्टार्ट-अप गॅरेजमधूनच निघतात, हे आपल्याआधी डॉक्टरांना माहीत होतं :-)) १९८५ साली दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने मॅक्युलाच्या सुजेवरही लेसरचा फायदा दाखवला.

'वाहिन्या पाठवा' हा संदेश नेणारं रसायन असणार, असं आयझॅक मायकेलसनने १९४८ सालीच म्हटलं होतं. त्या अज्ञात गोष्टीला नाव मिळालं 'फॅक्टर एक्स'. १९८९ साली त्यामागचं प्रथिन, व्हीईजीएफ, वेगळं काढलं गेलं, आणि १९९४ साली ते मधुमेह्यांच्या डोळ्यातल्या द्रवात भरपूर असतं हे दाखवणाऱ्या शोधनिबंधाचा पहिला लेखक कोण? लॉइड पॉल आयेलो. वर आलेल्या आयेलोंचा मुलगा, बीथम यांचा नातू! आजोबा-वडिलांनी डाग पाडले, नातवाने ते का चालतात ते शोधलं. आता त्या रसायनाला अडवणारी इंजेक्शनं डोळ्यात देतात. त्यातलं एक तर मुळात आतड्याच्या कॅन्सरचं औषध, त्याच्या बाटलीतून थोडं थोडं काढून देतात, म्हणून आपल्याकडे परवडतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. १९९३ साली उत्तर अमेरिकेतल्या १४४१ रुग्णांच्या अभ्यासाने दाखवलं की लहानपणीच्या मधुमेहात साखर काटेकोर ठेवली तर पडदा बिघडण्याची शक्यता ७६ टक्क्यांनी घटते. १९९८ साली ब्रिटनच्या अभ्यासाने मोठेपणीच्या मधुमेहातही साखर आणि रक्तदाब दोन्ही सांभाळल्याचा फायदा दाखवला. ब्रिटनने नंतर सगळ्या मधुमेह्यांचे दरवर्षी पडद्याचे फोटो काढायची पद्धत लावली. २०१४ साली तिथून बातमी आली, की इंग्लंड आणि वेल्समध्ये कामाच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचं पहिल्या क्रमांकाचं कारण आता मधुमेह राहिलेलं नाही. पाच दशकांत पहिल्यांदाच.

पेपर वाचतोय की!

आता आपल्याकडे. २०२३ साली छापलेल्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. २०२२ च्या आणखी एका देशव्यापी पाहणीत चाळिशीच्या वरच्या दर आठ मधुमेह्यांत एकाचा पडदा बिघडलेला सापडला.

माझे थोरले मामा यातले एक. अकरा वर्षं मधुमेह, गोळ्या नियमित, सकाळी फिरणं नियमित. डोळे? "अरे, पेपर वाचतोय की मी चष्म्याशिवाय! तुझ्यापेक्षा बरे आहेत माझे डोळे." मी म्हटलं, "मामा, पण पूर्वी तुम्हाला पेपरला चष्मा लागायचा ना? मग तो सुटला कसा?" मामा खूश, म्हणे योगासनं. यातली गोम अशी, की साखर वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि माणसाचा जवळचा चष्मा काही काळ सुटू शकतो. म्हणजे ज्याला मामा तब्येतीचं सर्टिफिकेट समजत होते तीच धोक्याची घंटा असू शकते. नंबर तपासायला ते दुकानात दरवर्षी जायचे. पण बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा कधीच कोणी बघितला नव्हता. "त्या थेंबांनी अर्धा दिवस जातो," ही त्यांची तक्रार. मामीने शेवटी हट्ट धरला, गेले. एका डोळ्यात नवीन वाहिन्या निघाल्या. लेसर झाला. नजर आहे तशी आहे, आणि 'आहे तशी' हेच यातलं यश.

लेसर गेलेली नजर सहसा परत आणत नाही, असलेली टिकवतो. म्हणजे ज्याला स्वच्छ दिसतंय त्यालाच खुर्चीत बसवावं लागतं. १८५५ साली अडचण होती मान्य करण्याची, १९५३ साली उपायाची. आज अडचण एकच, कोणीतरी वेळेत आत डोकावून बघण्याची. दहा कोटी लोकांच्या मानाने पडद्याचे डॉक्टर फार थोडे, आणि तेही बहुतेक शहरात.

इथे आपली मंडळी उपयोगी पडतायत. २०१६ साली गूगलच्या टीमने १,२८,१७५ फोटोंवर प्रोग्राम शिकवून डॉक्टरांच्या तोडीचं निदान करून दाखवलं. त्यातले बरेच फोटो आपल्या अरविंद, शंकर नेत्रालय, नारायण नेत्रालय इथले होते. २०१८ साली अमेरिकेत डॉक्टरशिवाय निदान करणाऱ्या यंत्राला परवानगी मिळाली. मग प्रत्यक्ष जगाने दणका दिला. थायलंडच्या दवाखान्यांत गूगलचा प्रोग्राम नेला, तर दर पाचांतला एक फोटो 'नीट आला नाही' म्हणून नाकारला गेला. खोलीत पुरेसा अंधार नाही, इंटरनेट मंद. २०२० साली हे त्यांनी स्वतःच छापलं. त्याआधी, २०१९ साली, मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांतल्या रुग्णांवरचा एक अभ्यास आला होता. त्यात फोनला जोडलेला कॅमेरा, इंटरनेट अजिबात नको, आणि फोटो काढणार आरोग्यसेविका. तपासायला हवेत असे रुग्ण त्यातून निसटले नाहीत. 'माझ्या मशीनवर चालतं' आणि 'दवाखान्यात चालतं' यातला फरक मला यापेक्षा चांगला कोणी शिकवला नाही.

असो. बरंच लांबलं. तुमच्या घरात कोणाला मधुमेह असेल तर एवढंच करा. निदान झाल्याबरोबर एकदा (लहानपणीचा मधुमेह असेल तर पाच वर्षांच्या आत), आणि नंतर साधारण दरवर्षी, पडद्याची तपासणी. चष्म्याच्या दुकानात नव्हे, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. नीट दिसत असलं तरी. नीट दिसत असलं म्हणूनच. जाताना गॉगल न्या आणि गाडी चालवायला दुसरं कोणीतरी न्या, थेंब घातल्यावर तीन-चार तास नीट दिसत नाही. तो अर्धा दिवस जातो हे मामांचं म्हणणं अगदी खरं आहे. जाऊ द्या.